कृपया कोणीही हलू नये

१ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३.

रिटायर होऊन आज बरोबर दोन वर्षं. आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खरं तेच लिहायचं, कोणाला दाखवायची नाही.

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी पुलपीटवरून जाहीर केलं: १३ ऑक्टोबरला चर्चला पंचाहत्तर वर्षं होतात, स्मरणिका निघणार, आणि तिच्यातल्या सगळ्या फोटोंची जबाबदारी माझ्यावर. सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघत होती. बायकोचं म्हणणं, कमिटीत विचारलं तेव्हा दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही. हिला प्रत्येक गोष्टीतली हवा काढायची सवय आहे.

बाटल्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. उजेडाच्या पडद्यासमोरून मिनिटाला साठ बाटल्या सरकायच्या. तडा, बुडबुडा, तिरकी मान, काही म्हणून सुटायचं नाही. ती नजर आता कॅमेऱ्यामागे. लेक-जावयाने रिटायरमेंटला दिलेला कॅमेरा कपाटात पडून होता, तो काढला. मागच्या स्क्रीनवर काळी टेप चिकटवली. फोटो काढला की लगेच स्क्रीनमध्ये डोकावायचं, हे हौशी लोकांचं काम. खरा फोटोग्राफर व्ह्यूफाइंडरला डोळा लावतो आणि स्वतःवर विश्वास ठेवतो.

संकल्प: पहाटे फिरणं. रोज एक तास कॅमेरा. हिच्याशी वाद नाही.

२ सप्टेंबर, सोमवार.

फिरायला गेलो नाही. बुटाची नाडी तुटली. दुपारी हिच्याशी वाद. मोरीच्या दाराजवळचं स्टूल हिने हलवलं, मी धडपडलो. ही म्हणाली, स्टूल सात वर्षं तिथेच आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार.

चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून चष्मेवाल्याकडे. दोन मिनिटांचं काम. पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्याने मला यंत्रासमोर बसवलं, डोळ्यावर फुस्सकन हवा मारली, आकडा बघितला, परत मारली. मग गंभीर चेहरा करून म्हणाला की डोळ्यातलं प्रेशर फार वाढलंय, काचबिंदू असू शकतो, याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा. यात दुखत नाही, कळत नाही, कडेकडेने दिसणं नाहीसं होत जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवता येतं. चिठ्ठी लिहून दिली.

मी त्याला समोरचा बोर्ड शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तरी हेका सोडेना. म्हणे समोरचं शेवटपर्यंत नीट दिसतं, म्हणूनच लोक फसतात. चष्मे विकणाऱ्याने घाबरवायचं नाही तर कोणी?

चिठ्ठी या वहीत ठेवली. हिला सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेईल. सोमवारी जाईन.

८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी.

पहिली मोठी कामगिरी: क्वायरचा ग्रुप फोटो. चौदा जण, दोन रांगा.

नेहमीप्रमाणे सकाळी खर्जरावला त्याच्या फाटकातून गाडीत घेतला. खर्जराव म्हणजे आमच्या क्वायरमधला सगळ्यात खालचा आवाज. तो गायला लागला की बाकाची लाकडं थरथरतात, म्हणून हे नाव मीच ठेवलं. कारखान्यात तो भट्टीवर, मी तपासणीवर. त्याने बाटल्या घडवायच्या, मी फेकायच्या. तरी चाळीस वर्षांची दोस्ती. त्याचा गुडघा गेल्यापासून दर रविवारी मीच त्याला नेतो-आणतो. फाटकापाशी रस्त्याच्या कडेला गाण्यांची फाइल छातीशी धरून उभा असतो. पाच मिनिटं आधीच. भट्टीवरच्या माणसाला वेळ पाळावीच लागते.

फोटोची माझी सिस्टिम: उजव्या टोकाच्या माणसाच्या खांद्याला फ्रेमची कडा लावायची, मग पुढे सरकत सरकत फ्रेम भरायची. मोठ्याने सांगितलं, कृपया कोणीही हलू नये. अकरा फोटो घेतले. एकापेक्षा एक.

उद्या डॉक्टर.

९ सप्टेंबर, सोमवार.

डॉक्टर राहिला. भलतंच प्रकरण निघालं.

फोटो कॉम्प्युटरवर घेतले. चौदापैकी साडेअकरा माणसं. डाव्या टोकाचे दोघे गायब, आणि खर्जरावचा फक्त एक कान आणि फाइल धरलेला हात. अकराच्या अकरा फोटोंत तसंच. उघड आहे, ते तिघे हलले. फोन केला. खर्जराव म्हणाला की या गुडघ्याने मी चर्चच्या दारापर्यंत जातो तेच नशीब, उभ्या जागी नाचेन कशाला. मी म्हटलं, फोटो खोटं बोलत नाही.

ही म्हणाली, तुम्हीच जास्त पुढे गेला असाल. मी कॉम्प्युटर बंद केला. (वाद नाही.)

१५ सप्टेंबर, रविवार.

परत तोच फोटो. या वेळी पक्का बंदोबस्त. घरून खडू नेला आणि फरशीवर प्रत्येकाच्या पायाभोवती रेघ मारली. चौदा जोड्या. म्हातारी मंडळी हसत होती. पाळकसाहेबांनी विचारलं, याची गरज आहे का? मी म्हटलं, शिस्त लागते. खर्जराव डाव्या टोकाला आपल्या चौकटीत पुतळ्यासारखा उभा. मी स्वतः बघितला.

घरी येऊन बघतो तर पुन्हा तेच. या वेळी कानही नाही.

माझा निष्कर्ष: खडू पुसला गेला.

१७ सप्टेंबर, मंगळवार.

खर्जराव घरी आला. स्वतःहून, टॅक्सी करून, त्या गुडघ्याने. बसला नाही. म्हणाला की एकतीस वर्षं मी क्वायरमध्ये त्याच जागी उभा आहे. स्मरणिकेत मला घ्यायचं नसेल तर तोंडावर सांग, खडूची नाटकं कशाला? मग जुनं उकरून काढलं. गेल्या वर्षी चर्च कमिटीच्या सेक्रेटरीच्या निवडणुकीत त्याने मला मत दिलं नाही, त्याचा मी सूड घेतोय म्हणे.

मी शांतपणे सांगितलं की तुझी हलायची सवय तुला कळत नाही. यावर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या रविवारपासून गाडी आणू नकोस म्हणाला. दारापर्यंत सोडायला गेलो तर जिन्याचा कठडा माझ्याच कोपराला लागला, इतका मी अस्वस्थ झालो होतो. तो जिना एकेक पायरी बाजूने उतरत होता. वाईट वाटलं. हाक मारावीशी वाटली. पण चूक त्याची आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार.

चिठ्ठी सापडली. ही टेबल पुसत होती, वही पडली, चिठ्ठी बाहेर. वही वाचली नाही असं म्हणते. विश्वास ठेवतो.

तासाभरात लेकीचा फोन. मायलेकींनी मिळून मला फैलावर घेतलं. सोळा दिवस चिठ्ठी दडवली म्हणून ही रडली. लेक म्हणाली, आजोबांचं काय झालं ते विसरलात का?

बाबांचं वेगळं होतं. वय झालं होतं. शेवटची चार वर्षं खिडकीपाशी बसायचे, आणि खिडकी कुठे आहे ते हाताने चाचपून बघायचे. जेवताना चमचा ताटाबाहेर टेकायचा. आई त्यांच्या नकळत ताट सरकवायची. मी समोर बसायचो आणि दुसरीकडे बघायचो. मला ते सहन व्हायचं नाही. आज इथे शाई पसरलीय, ते चहा सांडल्यामुळे.

स्मरणिका झाली की जाईन म्हटलं. लेकीने परस्पर मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी.

डोळ्यांचा दवाखाना. ही बाहेर बाकावर, मी आत.

एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला बराच वेळ काहीच चमकेना. घाम फुटला. मग माझ्या लक्षात आलं की दिवा साधारण दीड-दीड सेकंदाने येतो. बेल्टवरच्या बाटल्यांसारखं. चौतीस वर्षांची सवय! ठेका पकडला आणि दाबत गेलो. दिसो न दिसो, एकही ठोका चुकवला नाही. एवढा चांगला पेपर मी शाळेतही लिहिला नव्हता.

टेक्निशियन बाई कागद बघून म्हणाल्या, ही टेस्ट विश्वासार्ह नाही, दिवा नसतानाही तुम्ही बटण दाबलंय, पुन्हा करावी लागेल. यंत्र जुनं असावं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बघितलं, प्रेशर मोजलं. थेंब लिहून दिले, रोज न चुकता. आणि परत टेस्ट होईपर्यंत गाडी चालवायची नाही म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

बाहेर आलो. ही उठून माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं, पास. थेंब दिलेत, टॉनिकसारखे. हिने डोळे मिटून प्रभूचे आभार मानले. गाडीचं बोलणं हिच्यापर्यंत न्यायची गरज नव्हती. घरी गाडी मीच चालवत आणली, नाहीतर हिला संशय आला असता.

२८ सप्टेंबर, शनिवार.

थेंब झोंबतात. एक दिवसाआड घालायचं ठरवलं. पुन्हा टेस्टसाठी दवाखान्यातून फोन आला होता. १३ तारखेनंतर बघू म्हटलं.

क्वायरचा फोटो अजून नाही. प्रेसवाला घाई करतोय. खर्जराव गेल्या रविवारी टॅक्सीने आला, माझ्यापासून चार बाकं लांब बसला.

५ ऑक्टोबर, शनिवार.

चांगली बातमी. बायको आणि वहिनी (खर्जरावची बायको) यांनी आपसात बोलून तह केला. उद्या मी त्याला नेहमीसारखं फाटकातून घ्यायचं, दोघांनी जुनं काही काढायचं नाही. चर्चमध्ये तिसऱ्यांदा फोटो, या वेळी खर्जराव मधोमध. मीच सुचवलं. मन मोठं ठेवावं लागतं.

६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.

अपघात.

नीट लिहितो, म्हणजे डोक्यात गोंधळ राहणार नाही. ही टेबलांची मांडामांड करायला आधीच चर्चला गेली होती. गाडीत मी एकटा. खर्जरावच्या फाटकाजवळ वेग कमी केला. रस्ता रिकामा होता. फाटकापाशी कोणी नव्हतं. आज उशीर झाला वाटतं, असं मनात आलंसुद्धा. गाडी डावीकडे कडेला घेतली आणि धप्प आवाज झाला. उतरून बघतो तर खर्जराव रस्त्यावर, आणि गाण्यांचे कागद सगळीकडे.

तो समोर आला. अचानक. मी थांबायच्या आत दार उघडायला म्हणून रस्त्यावर उतरला असणार. वहिनी धावत आल्या, त्यांना मी हेच सांगितलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना हेच. पोलिसालाही हेच. पाळकसाहेबांनाही.

खुब्याचं हाड मोडलंय. तो ओरडला नाही. फक्त कागद गोळा करा म्हणत होता.

८ ऑक्टोबर, मंगळवार.

हॉस्पिटल. ऑपरेशन झालं. नळ्या लावल्यात, पण शुद्धीवर आहे. त्याने मला विचारलं, नक्की काय झालं रे? फाइल हातात घेऊन उभा होतो एवढं आठवतंय, पुढचं नाही. मी सांगितलं, तू खाली उतरलास. त्याने पांघरुणावरून आपल्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाला, असेल बुवा, हा गुडघा कधीकधी मला न विचारता पाय टाकतो.

मला एकदम हलकं वाटलं. घरी आल्यावर चांगली झोप लागली.

१० ऑक्टोबर, गुरुवार.

आता खर्जरावच येईल त्याला सांगतो की चूक माझीच, मीच खाली उतरलो. त्याने पोलिसाला तसाच जबाब दिला, सही केली. प्रकरण मिटलं. वहिनी माझ्यासाठी हॉस्पिटलच्या कँटीनमधून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, तुम्हाला किती मनस्ताप झाला.

थेंब रोज घालतोय. दोन दिवस विसरलो.

१३ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ७.

पंचाहत्तरावा वर्धापन दिन. लेक कालच आली. चर्चच्या अंगणात सगळ्या मंडळीचा फोटो, एकशे दहा माणसं. उजव्या टोकाला कडा लावली, पुढे सरकलो, फ्रेम भरली. कृपया कोणीही हलू नये.

लेकीने येऊन कॅमेरा हातातून घेतला आणि स्क्रीनवरची टेप नखाने ओरबाडून काढली. फोटोत डावीकडचे तीसेक लोक नव्हते. त्या तिसांत पाळकसाहेब. एकशे दहा माणसं एकाच वेळी हलली असं म्हणायला मी तोंड उघडलं. तिने माझा दंड धरून मला चर्चच्या मागे नेलं, जिथे नुसती भिंत आहे.

म्हणाली, कॅमेरा डोळ्याला लावा आणि हलू नका. मी भिंतीलगत उजवीकडून डावीकडे चालते. दिसायची थांबले की बटण दाबा.

ती चालायला लागली. निळा ड्रेस. चार पावलं, पाच, सहा. मग भिंत होती, भिंतीवरची ओल होती, खालचं गवत होतं, आणि ती नव्हती. अंधार नाही, काळं काही नाही. सगळं अगदी ठीक दिसत होतं, फक्त त्यात माझी मुलगी नव्हती. मी बटण दाबलं.

तिने स्क्रीन माझ्यासमोर धरली. फोटोत ती उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ फोकसमध्ये, सरळ माझ्याकडे बघत.

मी तिथेच पायरीवर बसलो. मला खर्जरावचं फाटक आठवलं. त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.

तीच वाडग्याची टेस्ट (फील्ड टेस्ट म्हणतात), दुसऱ्यांदा. प्रामाणिकपणे दिली. दिसलं तेव्हाच बटण दाबलं. फारसं दाबावंच लागलं नाही. मधे एकदा वाटलं, यंत्र बंद पडलंय.

या वेळी ही आत शेजारी बसली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. काळे ठिपके. उजव्या डोळ्याचं डावीकडचं जवळजवळ सगळं गेलंय, डाव्या डोळ्यालाही त्याच बाजूने पोखरलंय. मेंदू रिकामी जागा शेजारच्या रंगाने भरून टाकतो, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं येणार नाही. उरलेल्यासाठी थेंब, नाहीतर ऑपरेशन. मग त्यांनी विचारलं की गाडी चालवू नका असं मी २४ तारखेला दोनदा सांगितलं होतं, चालवत नाही ना?

मी हिच्याकडे बघितलं नाही.

टॅक्सीत ही खिडकीबाहेर बघत होती. घर यायच्या जरा आधी तिने एकच विचारलं. म्हणजे भाऊजी आपल्या जागीच उभे होते? मी म्हटलं, हो. ही म्हणाली, त्यांना सांगून या. त्या माणसाने सगळ्या मंडळीसमोर स्वतःला दोष लावून घेतलाय.

खरं आहे. मला लाज वाटते. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. उद्याच सांगतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

खर्जरावला ताप. अशा वेळी मनाला धक्का देणं बरं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

ताप उतरला. पण पाळकसाहेब प्रार्थनेला बसले होते. प्रार्थना मोडून कसं सांगायचं?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार.

छातीत कफ. श्वासाला मास्क. मी घरी आरशासमोर वाक्य पाठ केलं: तू जागेवरच होतास, मला दिसला नाहीस, गाडी चालवायची मला मनाई होती. तीन तुकडे. तिसरा तुकडा आरशातही नीट म्हणता येत नाही. पहिले दोन पुरेसे आहेत. खरं तर पहिला म्हटला की दुसरा आपोआप कळतो.

संकल्प: शनिवारी, दुपारी चार वाजता, काहीही झालं तरी.

१९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.

बरोबर चारला पोचलो. हिने वहिनींना चहाच्या निमित्ताने खाली नेलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोलीत आम्ही दोघंच. दुसरी खाट रिकामी होती.

मी खुर्ची पुढे ओढली. मी तोंड उघडायच्या आत त्याने मास्क बाजूला केला आणि माझा हात धरला. हात गरम होता, भट्टीवरच्यासारखा. एकेक शब्द, मधे श्वास. म्हणाला की तुझ्या गाडीला, तुझ्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला. पोलीस दारात आला. वर मी फोटोवरून तुझ्यावर काय काय आरोप केले. तू खडूने जागा आखून दिलीस तरी मी हललो असेन. माझं मलाच कळत नाही, म्हातारा झालोय. माफ कर मला. हे सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

पहिला तुकडा माझ्या जिभेवर होता. तू जागेवरच. एवढंच म्हणायचं होतं. तो माझ्याकडे बघत होता. उत्तरासाठी.

मी म्हटलं, जाऊ दे रे. माफ केलं.

त्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. मी त्याचा मास्क नीट बसवला. अशा वेळी दुसरं काही बोलणं क्रूरपणा झाला असता. डॉक्टरही म्हणतात, पेशंटचं मन शांत हवं.

येताना हिने विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, सांगितलं. काय म्हणाले? माफ केलं म्हणाला.

टॅक्सीत ही रडली, आणि कितीतरी दिवसांनी माझा हात धरून बसली.

सोमवारी खर्जराव जरा बरा झाला की सगळं व्यवस्थित सांगेन. मग हिला सांगितलेलंही खरंच ठरेल.

२१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ११.

खर्जराव गेला. आठ वाजता. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. मी बूट घालत होतो, तेवढ्यात फोन आला. आज चारला मी जाणारच होतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७.

दफन झालं. क्वायर गायली. खालचा आवाज नव्हता, त्यामुळे गाणं नुसतंच वर वर चाललं होतं. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. चाळीस वर्षांची दोस्ती, कारखाना, वेळेचा पक्का, असं बोललो. लोकांनी डोळे पुसले. मीही.

नंतर वहिनींच्या घरी थोडे लोक थांबले. ही वहिनींचा हात हातात घेऊन बसली होती. मी शेजारच्या खुर्चीत, कप घेऊन. ही म्हणाली, भाऊजी फार मोठ्या मनाचे. यांना माफ करून गेले. नाहीतर यांनी कोणत्या तोंडाने जगायचं होतं?

वहिनींनी मान वर केली. म्हणाल्या, उलट आहे हो. शनिवारी संध्याकाळी हे मला सांगत होते की त्याने मला माफ केलं, आता मी मोकळा. दोन दिवस तेच समाधान होतं त्यांच्या तोंडावर. तुमच्या यांचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही. मग त्यांनी हिला विचारलं की पण आमच्या यांनी तुमच्या यांना माफ करायचं म्हणजे कशाबद्दल?

मी कपात बघत होतो. चहा संपलेला होता. आतल्या खोलीत कोणीतरी कपबशा विसळत होतं, तेवढाच आवाज.

थोड्या वेळाने ही मला म्हणाली, तुम्ही टॅक्सीने घरी जा. मी थांबते. मला वहिनींशी बोलायचंय. माझ्याकडे न बघता म्हणाली. मी म्हटलं, आज त्यांची मनःस्थिती नाही, आज नको. हिने खुर्ची वहिनींच्या जवळ ओढली आणि पाठ माझ्याकडे केली. मी टोपी घेतली. दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. कोणी वळून बघितलं नाही.

सात वाजले. ही अजून आलेली नाही. एकदा फोन केला, उचलला नाही.

हिला घाई फार. मी उद्या सांगणारच होतो.